पान एकवरची सिगारेट

मार्च 2022. रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याला तीनेक आठवडे झाले होते. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात मी तेव्हा रात्रपाळीला होतो आणि पान एकसाठी फोटो निवडणं माझ्याकडे होतं. त्या रात्री आम्ही एका सैनिकाचा फोटो पाच कॉलम लावला. पुढच्या चार दिवसांत त्या फोटोवर जितके फोन आणि पत्रं आली, तितकी तोवरच्या सगळ्या युद्धबातम्यांवर मिळून आली नव्हती. बहुतेकांचं म्हणणं वरवर एकच होतं: सैनिक सिगारेट ओढताना का दाखवलात? पत्रं दुसऱ्यांदा, सावकाश वाचली तेव्हा कळलं की प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे.

डेस्कवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना हे प्रकरण मी आजवर तोंडी सांगत आलो. आता लिहून काढतोय, कारण तोंडी सांगताना माझी चूक दर वेळी थोडी लहान होत जाते. कागदावर ती जेवढी होती तेवढी राहील.

फोटो आणि मथळा

मातीने भरलेल्या पोत्यांच्या आडोशाला एक सैनिक उकिडवा बसलाय. पंचविशीच्या आतला असावा. हेल्मेटचा पट्टा सुटलाय. ओठांत सिगारेट, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी आणि ओंजळीत काडीची ज्योत. नखांत काळी माती. नजर कॅमेऱ्याकडे नाही, ज्योतीकडेही नाही, दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. शेजारच्या पोत्यावर सिगारेटचं पाकीट पडलंय. मागे जळून कोळसा झालेलं एक झाड.

फोटो वृत्तसंस्थेकडून आला होता. सोबत इंग्रजीत चार ओळींची कॅप्शन होती: ठिकाण, तारीख, आणि ‘तोफांचा मारा थांबल्यानंतर सिगारेट पेटवण्याचा प्रयत्न करणारा सैनिक’ अशा अर्थाचं वाक्य. शहर आवृत्ती सोडायला अर्धा तास उरला होता. त्या दिवशीची मुख्य बातमी कोरडी होती, वाटाघाटींची. फोटो मात्र डोळ्यांत भरणारा. वृत्तसंपादकांनी पान बघितलं आणि म्हणाले, ‘फोटोला स्वतंत्र मथळा दे, छोटा.’ मी दिला: ‘युद्धाच्या धगीत निवांत झुरका’. खाली फोटोओळ: ‘रणभूमीवर विसाव्याचा क्षण अनुभवणारा युक्रेनचा सैनिक.’ दोन्ही माझंच. पानावर कुणी हरकत घेतली नाही. उलट मथळा चांगला जमलाय, असं दोघांनी सांगितलं.

पहिला दिवस

पहिला फोन सकाळी दहाच्या आत आला. मुलुंडच्या एका शाळेतल्या बाई होत्या. त्या सातवीच्या वर्गशिक्षिका. त्यांच्या वर्गाबाहेर बातमीफलक आहे आणि रोज एक मूल घरच्या पेपरातलं कात्रण आणून त्यावर लावतं. त्या दिवशी पाळी असलेल्या मुलाने आमचा फोटो मथळ्यासकट कापून आणला होता आणि ‘निवांत झुरका’ या शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारली होती. मधल्या सुट्टीत तीनचार मुलं फलकासमोर उकिडवी बसली होती, ओठांत खडू धरून, हाताची ओंजळ करून. बाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, ‘फाटकासमोरची टपरी हलवायला आम्ही दोन वर्षं अर्ज करतोय. तुम्ही एका सकाळीत ती वर्गाच्या दाराशी आणून ठेवलीत.’

त्यांचं म्हणणं हवेत नव्हतं. तंबाखूविरोधी कायदा 2003 चा आहे. त्यातल्या सहाव्या कलमानुसार शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि 18 वर्षांखालच्या मुलांना ते कुठेच विकता येत नाहीत. चित्रातल्या सिगारेटच्या नकलेबद्दलही बाई बरोबर होत्या. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2012 च्या अहवालात सिनेमातलं धूम्रपान बघणं आणि कोवळ्या वयात धूम्रपान सुरू करणं यांत कार्यकारण संबंध असल्याचा निष्कर्ष काढलाय. तो सिनेमापुरता आहे, बातमीतल्या फोटोचा त्यात विचार नाही. पण सातवीतल्या मुलाने खडू ओठांत धरताना हा फरक केला नव्हता, हे मला मान्य करावं लागलं.

तरी त्या दिवशी मी मनातून बाईंवर वैतागलो होतो. माणूस मरणाच्या तोंडाशी बसलाय आणि आपण त्याच्या फुप्फुसांची काळजी करतोय! संध्याकाळच्या बैठकीत बहुतेकांचं मत हेच पडलं. आम्हाला पाठिंबा देणारी पत्रंही याच सुराची होती. ‘ज्यांनी बंदुकीचा आवाज ऐकला नाही त्यांनी सैनिकाला आरोग्याचे धडे देऊ नयेत,’ असं ठाण्याच्या एका वाचकाने लिहिलं होतं. वाक्य टाळीचं होतं. टाळीच्या वाक्यांवर निर्णय घेण्याची खोड वृत्तपत्रांना आहे. मीही त्याला अपवाद नव्हतो.

हे आधी घडून गेलं होतं

बैठकीत कुणीतरी फलुजाची आठवण काढली. आमच्या प्रकरणाचं ते थोरलं भावंडच म्हणायचं.

नोव्हेंबर 2004 मध्ये इराकमधल्या फलुजा शहरात अमेरिकी फौजा घुसल्या. लॉस एंजेलिस टाइम्सचा छायाचित्रकार लुईस सिन्को त्यांच्याबरोबर होता. रात्रभराच्या लढाईनंतर त्याने एका तरुण मरीनचा, म्हणजे अमेरिकी मरीन दलातल्या सैनिकाचा, चेहरा टिपला: माती आणि रक्ताने माखलेला, ओठांत सिगारेट लोंबतेय, नजर कुठेच नाही. शंभराहून जास्त वृत्तपत्रांनी तो फोटो छापला. न्यूयॉर्क पोस्टने पान एकवर त्याला मथळा दिला ‘स्मोकिन’. तो तरुण केंटकीतला, विशीतला. मार्लबरो या सिगारेटच्या ब्रँडवरून ‘मार्लबरो मरीन’ या नावाने तो जगभर गेला. आणि अमेरिकेतल्या काही वाचकांनी पत्रं लिहिली की हा फोटो मुलांना धूम्रपानाकडे ओढेल. त्या पत्रांची तेव्हा बरीच टवाळी झाली. समोर शहर उद्ध्वस्त होतंय, माणसं मरतायत आणि यांना सिगारेट दिसते, असं.

मलाही ती टवाळी बरोबरच वाटायची. पुढचं वाचलं नव्हतं तोवर. तो मरीन घरी परतला तो युद्धाचा मानसिक आघात घेऊनच. वर्षभरात त्या कारणाने त्याला सेवेतून मुक्त केलं गेलं. संसार विस्कटला. फोटो काढणाऱ्या सिन्कोनेच पुढे त्याला उपचारांपर्यंत नेण्याची धडपड केली आणि 2007 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. ज्या चेहऱ्यावर वृत्तपत्रांनी कणखरपणा वाचला, त्यावर मोडून पडणं लिहिलेलं होतं. पत्र लिहिणाऱ्यांना सिगारेट दिसली, मथळा देणाऱ्यांना मर्दानगी दिसली. चेहरा दोघांच्याही हातून निसटला.

सैनिक आणि सिगारेट ही जोडी काही आपोआप जुळलेली नाही, हेही इथे सांगायला हवं. ती जुळवली गेली. 1914 च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. त्यांत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. हिंदी सैनिकांसाठी वेगळी भरणी होती: सिगारेटी, खडीसाखर आणि मसाल्याची डबी. शीख सैनिकांच्या डबीत सिगारेट नव्हती, नुसती खडीसाखर आणि मसाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकाच्या जेवणाच्या पाकिटातच सिगारेटी असायच्या आणि ही पद्धत बंद व्हायला 1975 उजाडलं. सरकारांनी हातात दिलेली सिगारेट पुढे फोटोत ‘सैनिकाचा स्वभाव’ म्हणून दिसू लागली.

सुभेदारांचा आक्षेप

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ थेट कार्यालयात आले. निवृत्त सुभेदार, मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता पवईच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर. ड्युटी संपवून आले होते, तरी शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. बसा म्हटलं तर आधी घडी केलेला अंक टेबलावर ठेवला, मग बसले.

‘साहेब, हा फोटो बघून माझ्या पोराने विचारलं, तुम्हीपण असेच बसायचे का?’

त्यांचा मुद्दा मुलांच्या आरोग्याचा नव्हता, शिस्तीचा होता. काडी पेटवली की अंधारात ती किती लांबून दिसते, हे त्यांनी मला हाताने अंतर दाखवत समजावलं. रात्री मोर्चावर एकाने सिगारेट पेटवली तर जागा सगळ्यांची उघडी पडते. ‘हा दिवसाचा फोटो आहे म्हणून ठीक. पण तुम्ही लिहिलंय निवांत. मोर्चावर निवांत कुणी नसतं. निवांत झाला तो गेला.’ मग ते बर्फाबद्दल बोलले. उंचावरच्या चौक्यांवर डॉक्टर तंबाखूला सक्त मनाई करतात, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात, बोटांच्या टोकांना रक्त पोहोचत नाही आणि हिमदंश लवकर होतो. त्यांच्या तुकडीतल्या एकाची दोन बोटं गेली होती. ‘आणि आमच्यात सिगारेटवाले कमीच हो. तळहातावर चुना घेऊन मळणारे जास्त. त्यांचा फोटो कुणी पान एकवर नाही छापत.’

हे शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले, पण मला त्यावर थांबावंसं वाटतं. प्रौढांमधल्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी 2016-17 मध्ये झाली. तिच्यात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि धूर न होणारी तंबाखू खाणारे किंवा लावणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्या घरांतलं खरं व्यसन मशेरीच्या डबीत, चंचीत आणि पुडीत आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुडी अजून मिळते. आमच्या पेपरात गेल्या कित्येक वर्षांत भेगाळलेल्या हातांवर तंबाखू मळणाऱ्या शेतकऱ्याचे, हमालाचे, वारकऱ्याचे फोटो छापून आले असतील. ‘रापलेला चेहरा’ म्हणून आम्ही ते कौतुकाने लावले. त्यावर एकही पत्र आल्याचं मला आठवत नाही. परक्या देशातल्या पांढऱ्या सिगारेटीवर पंधरावीस पत्रं आली. परकं पटकन दिसतं, घरातलं डोळ्याआड होतं.

सुभेदारांना मी विचारलं, काय करायला हवं होतं? फोटो छापायलाच नको होता? ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘छापा ना. पण त्याला हिरोही करू नका आणि आळशीही करू नका. तो दमलाय.’

पुसावी का?

तिसऱ्या दिवशी बैठकीत एक सूचना आली की यापुढे असा फोटो आला तर सिगारेट धूसर करून टाकू, टीव्हीवर करतात तशी. आपल्याकडे सिनेमा आणि मालिकांसाठी 2012 पासून इशाऱ्याच्या पट्टीचे नियम आहेत, तिथे हे रोज चालतं. मी विरोध केला आणि तो विरोध मला आजही योग्य वाटतो.

बातमीच्या फोटोतलं काही पुसायचं नाही, हा मोठ्या वृत्तसंस्थांचा लोखंडी नियम आहे आणि तो मोडणाऱ्यांची गत काय होते हे जगाने पाहिलंय. ज्या लॉस एंजेलिस टाइम्सने फलुजाचा फोटो छापला, त्याच दैनिकाने वर्षभर आधी, 2003 मध्ये, इराकमधले दोन फोटो जोडून एक केल्याबद्दल आपल्या छायाचित्रकाराला काढून टाकलं होतं. 2006 मध्ये बैरूतवरच्या हल्ल्याच्या एका फोटोत धूर वाढवल्याचं उघड झालं आणि रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे 920 फोटो संग्रहातून मागे घेतले. धूर वाढवणं चूक असेल तर धूर पुसणंही चूकच. पॅरिसमध्ये 2009 साली मेट्रोच्या जाहिरातफलकांवर अभिनेते-दिग्दर्शक जॅक ताती यांच्या तोंडातला पाइप काढून तिथे पिवळं भिरभिरं लावलं होतं. लहान मुलालाही कळावं की इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय. तातींचं एक वेळ चालेल, ते पोस्टर होतं. खंदकातल्या माणसाच्या ओठांतून सिगारेट काढली की पुढच्या वेळी त्याच्या हातातली बंदूक खरी आहे का, असं वाचकाने विचारलं तर माझ्याकडे उत्तर उरत नाही.

हे बोलणं चालू असताना आमचा पान लावणारा ऑपरेटर, जो बैठकीत कधी बोलत नाही, म्हणाला, ‘पण पाकीट?’

पोत्यावरचं पाकीट. मूळ फाइल मोठी करून बघितली. ब्रँडचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. छापलेल्या अंकातही, जरा निरखलं तर. पंधरावीस पत्रांत एकानेही त्याचा उल्लेख केला नव्हता, पण कायद्याच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणात हीच एक चूक स्पष्ट होती. बातमीचा फोटो म्हणजे जाहिरात नव्हे, त्यामुळे सैनिकाच्या तोंडात सिगारेट दिसली म्हणून पाचवं कलम, जाहिरातबंदीचं, मोडत नाही. मात्र याच कायद्याखालच्या नियमांत 2005 साली अशी भर पडली की छापील फोटोत तंबाखूच्या ब्रँडचं नाव किंवा चिन्ह येत असेल तर ते कापणं किंवा झाकणं वृत्तपत्राला बंधनकारक आहे.

इथे दोन नियम एकमेकांसमोर उभे राहतात असं वाटतं: वृत्तसंस्था म्हणते काही पुसू नका, सरकार म्हणतं नाव झाकाच. वाट मात्र आहे. फोटो कापायला, म्हणजे कडेने छाटायला, वृत्तसंस्थेची हरकत नसते. उजवीकडून तेवढी पट्टी छाटली असती तर पाकीट गेलं असतं, सैनिक पूर्ण राहिला असता, झाडही राहिलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी केलं नाही कारण पाकीट मला दिसलंच नव्हतं. मी मथळ्यासाठी शब्द शोधत होतो.

लालबागचा फोन

तिसऱ्याच दिवशी रात्री उशिरा, पान जवळपास लागलेलं असताना, टेलिफोन ऑपरेटरने एक फोन जोडून दिला. लालबागहून एक आजी बोलत होत्या. आवाज खणखणीत, सातारी वळणाचा.

‘तुम्हीच छापलाय का तो मिलिटरीवाला?’

मी तयारीत होतो. दोन दिवस तीच ती उत्तरं देऊन तोंडात बसली होती. हो, आम्ही आक्षेपांची दखल घेतलीये, आम्ही खुलासा छापणार आहोत वगैरे.

‘ते राहू द्या. तुम्ही झुरका झुरका काय लिहिलंय? पेटलीच नाहीये ती.’

मला क्षणभर कळलं नाही.

‘अंक आहे का समोर? बघा. धूर आहे का कुठं? काडी बघा कुठं आहे आणि सिगारेटचं टोक कुठं आहे. हात हलतोय त्याचा. खाली दोन काड्या पडल्यात जळक्या.’

मी अंक उलगडला. धूर नव्हता. ज्योत सिगारेटच्या टोकापासून चांगली बोटभर खाली होती. उजव्या गुडघ्याजवळ मातीत दोन काळ्या काड्या होत्या.

त्यांचे यजमान मराठा रेजिमेंटमध्ये होते. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाऊन आले, म्हणजे 1987 ते 1990 मधली गोष्ट. निवृत्तीनंतर मुंबईत एका बँकेच्या दारावर वॉचमन. आजी सांगत होत्या, ‘तिकडून आले ना, त्यानंतर रात्री दोन-तीनला उठून गॅलरीत बसायचे. चाळीची गॅलरी, लोक झोपलेले. मी आतून बघायची. काडी ओढायचे, विझायची. परत ओढायचे. आमच्या ह्यांचा हात दिवसा एवढासुद्धा हलायचा नाही, बंदूक साफ करायचे तेव्हा तर नाहीच. रात्री काडी धरवत नव्हती. सकाळी केर काढताना मी काड्या मोजायची. एका थोटकाला पाच-सहा काड्या. कधी आठ. ज्या दिवशी जास्त, त्या दिवशी मी पोरांना सांगायची, आज बाबांशी हळू बोला.’

यजमान फुप्फुसाच्या आजाराने गेले. आजींनी आजाराचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सिगारेटबद्दल त्यांच्या मनात माया नव्हती, हे आवाजातून कळत होतं. ‘त्याच्यापायीच गेले. पण ते निवांत ओढत होते असं कुणी म्हणलं तर मी ऐकून घेणार नाही.’

फोन ठेवल्यावर मी वृत्तसंस्थेची मूळ कॅप्शन पुन्हा काढली. तोफांचा मारा थांबल्यानंतर. पेटवण्याचा प्रयत्न करणारा. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून तिथे लिहिलेल्या होत्या. भाषांतर करताना मी दोन्ही गाळल्या होत्या आणि त्या जागी ‘विसावा’ आणि ‘निवांत’ घातले होते. आक्षेप घेणारे सैनिक सिगारेट ओढतोय म्हणून रागावले होते, आम्ही सैनिक सिगारेट ओढतोय म्हणून त्याची बाजू घेत होतो, आणि फोटोतला सैनिक सिगारेट ओढतच नव्हता. फोटो खरा होता. खोटं होतं ते मी वर लिहिलेलं.

आणि मुलुंडच्या वर्गातली ती मुलंही मला आता वेगळी दिसली. त्यांनी नक्कल केली ती फोटोची की मथळ्याची? लाल रेघ तर मथळ्याखाली होती. तिथे ‘तोफांच्या माऱ्यानंतर थरथरता हात’ असं असतं तरी एखाद्याने खडू ओठांत धरला असता, मुलंच ती. पण बाईंना त्यांच्याशी बोलायला काहीतरी हाताशी राहिलं असतं. आम्ही ते काढून घेतलं होतं.

काय केलं, काय राहिलं

चौथ्या दिवशी आतल्या पानावर आम्ही पाच पत्रं छापली: बाईंचं, सुभेदारांचं, ठाण्याच्या वाचकाचं आणि आणखी एक. पाचवं लालबागच्या आजींचं. त्यांना लिहिणं जमत नव्हतं, म्हणून फोनवर त्या बोलल्या आणि मी उतरवून घेतलं, मग वाचून दाखवलं. नाव घालायला त्यांनी नकार दिला. खाली फक्त ‘लालबाग’ घातलं. शेजारी चौकटीत खुलासा होता. त्यात मूळ कॅप्शनचं नीट भाषांतर दिलं आणि आमचा मथळा व फोटोओळ चुकीची होती, असं साध्या शब्दांत म्हटलं. खुलाशातलं ‘अनवधानाने’ मी काढायला लावलं. अनवधान वगैरे काही नव्हतं, मला ‘निवांत’ हा शब्द आवडला होता म्हणून मी तो वापरला होता.

पाकिटाबद्दलचं वाक्यही मी लिहिलं होतं. ते वरून कापलं गेलं. कुणी तक्रार केलेली नाही, आपणहून कशाला, असं कारण मिळालं. मी वाद घातला, पण फार नाही. पान सोडायची वेळ झाली होती आणि चार दिवसांत मी दमलोही होतो. तो अंक अजून ग्रंथालयाच्या फाइलींत आहे, पाकिटावरच्या नावासकट, आणि ते तसं राहायला नको होतं, हे मी इथे लिहून ठेवतो.

डेस्कपुरता एक बदल टिकला. बाहेरून आलेल्या फोटोची फोटोओळ ज्याने लिहिली, त्याने ती मूळ कॅप्शनच्या शेजारी ठेवून दुसऱ्याला वाचून दाखवायची. मूळ मजकुरातलं क्रियापद गाळायचं नाही. ‘प्रयत्न करतोय’ असेल तर ‘करतोय’ लिहायचं नाही. मी होतो तोवर हे पाळलं गेलं. घाईच्या रात्री नव्या मुलांना ते जाच वाटायचं, तरी पाळायचे.

सुभेदारांचा फोन आला, नीट झालं म्हणाले. बाईंनी पत्रांचं पान बातमीफलकावर लावल्याचं कळवलं. पहिला फोटो त्यांनी काढून टाकला नव्हता, त्याच्या खालीच हे पान लावलं होतं.

लालबागहूनही फोन आला, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी नुकताच झोपेतून उठलो होतो. कार्यालयाने माझा नंबर दिला होता.

‘वाचलं. नातीने वाचून दाखवलं. नाव नाही घातलंत, बरं केलंत.’ मग जरा थांबल्या. ‘पण तुम्ही दोन काड्या लिहिल्यात. मीच दोन बोलले होते. काल परत बघितला पेपर, उजेडात. तीन आहेत.’

त्या रात्री कामावर गेल्यावर मी मूळ फाइल उघडली आणि मोठी करत गेलो. तिसरी काडी त्याच्या डाव्या बुटाच्या टाचेजवळ होती, अर्धी मातीत दाबली गेलेली. चौथी त्याच्या ओंजळीत जळत होती.